डबा रिकामा नव्हता

या डब्याविषयी चारचौघांत पुन्हा अवाक्षर काढणार नाही, असं मी माझ्या बायकोला, संध्याला, कबूल केलं होतं. पण आयर्लंडमधल्या मराठी मंडळींत ही गोष्ट आता इतक्या वाह्यात तऱ्हांनी फिरते आहे, की गप्प बसणं म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखं होईल. एका आवृत्तीत मी अमेरिकन कोचला लाडवांतून लाच दिली. दुसरीत आमच्या मुलीला विमानतळावर अडवलं. गॉलवेहून एका गृहस्थांचा तर सांत्वनाचा फोन आला, आणि त्यांनी तो पाऊण तास चालवला. तेव्हा एकदाच सांगतो, आणि पुराव्यासह सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी नियमांचा माणूस आहे. सॉफ्टवेअर कसं चालायला हवं ते एका कागदावर लिहिलेलं असतं, आणि ते तसंच चालतं हे दुसऱ्या कागदावर लिहून देणं ही माझी नोकरी. ऑफिसात लोक मला वचकून असतात. घरी कुणी वचकत नाही, पण तो वेगळा विषय आहे.

आमची मुक्ता सतरा वर्षांची आणि हॅमर फेकते. हॅमर म्हणजे हातोडा नव्हे. तारेच्या टोकाला चार किलोचा लोखंडी गोळा असतो, तार धरून चार गिरक्या घ्यायच्या आणि सोडून द्यायचा. चिंचवडच्या माझ्या आत्यानं हे ऐकून "आणि सुटला नाही तर?" असं विचारलं होतं. मला आजही त्या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही. मुक्ताचा गोळा मात्र सुटतो, आणि छप्पन्न मीटरवर जाऊन पडतो.

दोन हजार एकवीसच्या जानेवारीत घरापासून पाच किलोमीटरच्या पुढं जायची बंदी होती, क्लबचं मैदान बंद होतं, आणि हिला सराव करायचा होता. मी नकाशावर मोजून चार पूर्णांक आठ किलोमीटरवर एका शेतकऱ्याचं रिकामं रान शोधलं. नकाशाची छापील प्रत गाडीत ठेवली. तिसऱ्याच दिवशी एका गार्डानं, म्हणजे इथल्या पोलिसानं, गाडी थांबवली आणि डिकी उघडायला लावली. आत साखळदंडासारखी तार, लोखंडी गोळा आणि त्यांच्या शेजारी बाळासाहेब. म्हणजे बाळासाहेब मागच्या सीटवर होते, पण मान वळवून त्यांनी गार्डाला असा रामराम ठोकला की तो दोन पावलं मागं सरला. मी नकाशा पुढं केला. त्यानं तो पाहिलासुद्धा नाही. "यू'र ग्रँड," म्हणाला आणि हात हलवून सोडून दिलं. इतक्या मेहनतीनं मोजलेल्या अंतराचा असा अपमान मी विसरलेलो नाही.

बाळासाहेब म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो. कागलच्या शाळेत बत्तीस वर्षं पीटीचे मास्तर होते. दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आले, मार्चमध्ये विमानं बंद झाली, आणि माणूस सँट्रीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जवळजवळ दोन वर्षं अडकून पडला. इंग्रजी येत नाही, थंडी सोसत नाही, आमच्या हॉलला ते 'कोंडवाडा' म्हणायचे. पण जिम बंद झाल्यावर मुक्ताला त्यांनीच सांभाळलं. रोज सकाळी सहाला दोघं हॉलमध्ये बैठका मारायची. ते मोजायचे मराठीत, ती धापा टाकायची इंग्रजीत. खालच्या मजल्यावरून तक्रार आली तेव्हा त्यांनी फक्त पायाखालच्या चादरीची घडी वाढवली.

दोन हजार एकवीसच्या वसंतात अमेरिकेतून कोच व्हिटलॉक यांचा ई-मेल आला. ब्रॅकन हिल नावाच्या कॉलेजात त्या फेकींच्या प्रशिक्षक. त्यांनी मुक्ताचा व्हिडिओ पाहिला होता आणि त्यांना ती हवी होती. फी माफ, राहणं-जेवण माफ, चार वर्षं. हॅमरवाल्या मुलीसाठी त्यांच्याकडे एकच जागा होती, निर्णय तीस सप्टेंबरपर्यंत व्हायचा होता, आणि यादीत दुसरं नाव नॉर्वेच्या एका मुलीचं होतं. हे सगळं बाईंनी पहिल्याच व्हिडिओ कॉलवर सरळ सांगून टाकलं. मुक्ताच्या खोलीच्या भिंतीवर त्या दिवसापासून तीस सप्टेंबरभोवती लाल गोल होता. पोरगी तसं बोलत नाही, पण जाता-येता त्या गोलाला बोट लावायची. ते पाहून माझ्या पोटात गोळा यायचा. तोही चार किलोचाच असावा.

आणि मग मला कळलं, की या सगळ्याला नियम आहेत.

कॉलेजनं खेळाडूला कधी भेटावं, कुठं भेटावं, काय बोलावं, काय द्यावं, याचे अमेरिकेत चारशे अडतीस पानांचे नियम आहेत. मी ते घरच्या प्रिंटरवर छापले. शाई दोनदा संपली. पिवळा, गुलाबी आणि हिरवा असे तीन मार्कर घेऊन पंधरा दिवस वाचले, आणि खरं सांगतो, इतका आनंद मला लग्नानंतर कशानंही झाला नव्हता. मे महिना संपेपर्यंत समोरासमोर भेटायलाच बंदी. त्यानंतर घरी भेट चालेल. पण कोचनं खेळाडूला किंवा घरच्यांना काहीही द्यायचं नाही. शर्ट नाही, टोपी नाही, गाडीतून सोडणं नाही. दिलं आणि घेतलं तर मुलगी अपात्र ठरू शकते. त्यातल्या ठळक बावीस नियमांचा तक्ता करून मी प्रेसच्या दारावर चिकटवला. इथं स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात. संध्या दीड महिना त्या तक्त्याआडून साखर काढत होती.

"उपेंद्र, ती बाई येऊन तासभर बसणार आहे," संध्या म्हणाली. "आपण काही तिच्याशी सोयरीक करत नाही आहोत."

"सोयरीक सोपी असते," मी म्हटलं. "तिथं देण्याघेण्याला बंदी कोण पाळतं?"

कोच व्हिटलॉक ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी येणार असं ठरलं. ही बातमी तळमजल्यावरच्या सुभाषला कळली आणि तो वर आला. सुभाष आमच्याआधी तीन वर्षं आयर्लंडमध्ये आला, त्यामुळे इथल्या हवेपासून अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणापर्यंत सगळं त्याला विचारून करावं असं त्याचं मत आहे.

"हे बघ, माझ्या ऑफिसातल्या एका आयरिश माणसाचा पुतण्या असाच पोहायला गेला अमेरिकेला," तो सोफ्यावर मांडी घालून म्हणाला. "युअर मॅनच्या, म्हणजे त्या माणसाच्या, घरी कोच आला तेव्हा ह्यांनी त्याला जेवायला घातलं, गाणं म्हटलं, रडले. इमोशनल कनेक्ट! तू काय करणार? तक्ता वाचून दाखवणार?"

"गरज पडली तर," मी म्हटलं.

"बाईंना पैठणी दे. लगेच सही."

मी त्याला तक्त्यातला सातवा नियम दाखवला. तो कोचनं आम्हाला देण्याबद्दल होता, आम्ही कोचला देण्याबद्दल नव्हता, हे त्याच्या लक्षात आलं. माझ्याही आलं. आपण दिलेलं चालतं का? पुस्तकात धड सापडेना. मग मी जे कुठलाही जबाबदार माणूस करील तेच केलं. ब्रॅकन हिलच्या नियमपालन कार्यालयाला चौदा प्रश्नांचा ई-मेल पाठवला, आणि सौजन्य म्हणून कोचबाईंना प्रत. पाहुणीला चहा द्यावा का? चहाबरोबर खायला दिल्यास त्याचं वजन किती असावं? आजोबांनी नारळ दिल्यास तो भेट समजावा की फळ? पुढचे प्रश्न याहून बारीक होते.

चार दिवसांनी तिथल्या मिस्टर पेल्टन यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. चहा चालेल, खाणं चालेल, नारळ चालेल. बाकीच्या अकरा प्रश्नांचा उल्लेखही नव्हता. मी आठवण पाठवली. आठवणीला उत्तर नाही. असल्या कार्यालयाच्या हाती पोरीचं भवितव्य असावं, याचा मला तेव्हा संताप आला होता. आजही येतो, पण कारण बदललंय.

शनिवार उजाडला. संध्यानं चिवडा, बेसनाचे लाडू आणि साबुदाणा वडे केले. मी टाय लावला. बाळासाहेबांनी नारळाला हळदकुंकू लावून ठेवलं. मुक्ता आम्हा सगळ्यांकडे बघून "ओह गॉड" म्हणाली आणि खोलीत गेली.

बाई आल्या. सहा फूट उंच, मास्कच्या वर हसरे डोळे. आल्या आल्या त्यांनी आपले रिकामे हात वर करून दाखवले. "काही आणलेलं नाही," म्हणाल्या. मला एकदम आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

त्या तासाभराचं वर्णन करायचं तर मी पूर्ण वेळ सोफ्याच्या कडेवर होतो. बाई बोलायला लागल्या की मनात नियम क्रमांक जुळवायचो. त्या म्हणाल्या, तिकडं हिवाळा कडक असतो, मुक्ताला चांगला कोट लागेल. मी म्हटलं, "कोट आम्ही घेऊ. आम्हीच घेऊ." त्या म्हणाल्या, अर्थात. संध्यानं मला पायानं ढोसलं.

बाळासाहेबांनी नारळ दिला, दोन्ही हातांनी. बाईंनी घेतला, दोन्ही हातांनी.

"पोरगी चिवट हाय म्हनावं," ते मुक्ताला म्हणाले. "पर डाव्या टाचंवर गिरकी मारताना कचरती. तेवढं बगा म्हनावं."

मुक्तानं जीभ चावत ते इंग्रजीत सांगितलं. बाई खुर्चीतून पुढं झुकल्या. मग दोघांनी उठून आमच्या हॉलमध्ये, टीपॉय सरकवून, टाच कशी वळवायची त्यावर वीस मिनिटं चर्चा केली. एक कागलचं मराठी, एक अमेरिकन इंग्रजी, आणि मध्ये मुक्ता डोळे चमकवत गिरक्या घेते आहे. त्या वीस मिनिटांत एकही नियम मला आठवला नाही, हे मी प्रांजळपणे नोंदवतो.

तेवढ्यात खिडकीतून मला क्लॅम्पवाला दिसला. आमच्या सोसायटीत पाहुण्यांच्या गाडीला परवाना लागतो, तो ऑनलाइन दोन तासांचा मिळतो, आणि मी तो उत्साहाच्या भरात सकाळीच काढल्यामुळे संपला होता. मी चपला न घालता धावलो. बाईंच्या भाड्याच्या गाडीच्या चाकाला पिवळा सापळा लावायला तो खाली वाकलाच होता. त्याला मी सोसायटीच्या नियमावलीतलं कलम नऊ तोंडपाठ म्हणून दाखवलं. तो ऐकत होता, बहुधा कौतुकानं. पंधरा मिनिटांनी क्लॅम्प टळला. मी विजयी मुद्रेनं वळलो, तर बाई निघालेल्या, हातात नारळ आणि कडीचा स्टीलचा डबा.

तो डबा माझ्या सासूबाईंचा. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं: सौ. सुलेखा बा. इंगवले, १९७४. त्या जाऊन सहा वर्षं झाली. बाळासाहेब आयर्लंडला येताना त्यातच चटणी घेऊन आले होते, आणि ते तो कुणाला सहसा हात लावू देत नाहीत. संध्यानं त्यात उरलेला चिवडा आणि लाडू भरून बाईंना दिला होता. वडिलांनीच द्यायला सांगितला म्हणे.

बुधवारी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना बाईंच्या हॉटेलातून डबा परत आला. मला कुणी सांगितलं नाही. गुरुवारी संध्याकाळी मुक्ता सरावाहून आली ती निळी लोकरीची टोपी घालून. आयर्लंडच्या ऑगस्टमध्ये लोकरीची टोपी घालायला काही हरकत नसते, म्हणून मी आधी लक्ष दिलं नाही. मग ती वळली. कपाळावर पांढऱ्या अक्षरांत ब्रॅकन हिल.

"ही कुठून आली?"

"डब्यातून," मुक्ता म्हणाली. "चिल, बाबा. इट्स ओन्ली अ हॅट."

टोपी! तक्त्यावर सातव्या नियमात तोच शब्द पिवळ्या शाईत होता. मी डबा उघडला. तळाशी चिठ्ठी होती, बाईंच्या अक्षरात: 'रिकामा नाही.' बस्स, इतकंच.

मी विचारलं, ही टोपी घालून कुठं कुठं गेली होतीस. सरावाला. तिथं कुणी पाहिलं? मुक्तानं फोन काढला. क्लबनं फोटो टाकला होता. मुक्ता, हॅमर आणि टोपी. तो फोटो सुभाषनं उचलून मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता, वर सात फुगे आणि 'आपली मुक्ता निघाली अमेरिकेला! हार्दिक अभिनंदन!' दोनशे बारा माणसं. पोर्टलीशच्या डॉक्टरांनी तर आशीर्वादासोबत स्वतःच्या मुलाचं प्रगतिपुस्तकही पाठवलं होतं.

"कुणाला कळतंय?" सुभाष फोनवर म्हणाला. "गप्प बस."

"तू दोनशे बारा जणांना सांगितलंस!"

"ते सगळे मराठी आहेत रे. अमेरिकेला कोण सांगणार?"

मी कुणाला न विचारता, त्याच बैठकीत, मिस्टर पेल्टनना ई-मेल लिहिला. जे घडलं ते सगळं. नियमच तसा होता: कळवलं तर चूक, लपवलं तर गुन्हा. पाठवलं, आणि मग वळून सांगितलं.

मुक्तानं टोपी काढून टेबलावर ठेवली आणि खोलीचं दार लावून घेतलं. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. या वेळी कार्यालयाची तत्परता वाखाणण्यासारखी होती. चौकशी होईपर्यंत कोच व्हिटलॉक मुक्ताशी बोलणार नाहीत. मुक्ताची पात्रता विचाराधीन. सुनावणी बावीस सप्टेंबर, दुपारी तीन वाजता, व्हिडिओवर. लाल गोलाच्या आधी आठ दिवस. नॉर्वेच्या मुलीला कुणी टोपी दिलेली नव्हती.

पुढचे पाच आठवडे घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. मुक्ता माझ्याशी फक्त कामापुरतं, आणि तेही संध्यामार्फत. सकाळच्या बैठका चालू होत्या, पण मोजणीचा आवाज बारीक झाला होता. मी टोपी फ्रीझर बॅगेत भरून, तारीख घालून, सीलबंद केली. आणि माणसाच्या मनाला दुसरं काही सुचत नाही तेव्हा तो जे करतो ते केलं: दोषी शोधायला लागलो. बाईंना त्या वेड्या रीतीबद्दल सांगितलं कुणी? अमेरिकेत काय डबे रिकामे परत करायची चोरी आहे? मी खाली क्लॅम्पवाल्याशी लढत असताना दारात काय बोलणं झालं?

"मी नाही सांगितलं," संध्या म्हणाली. "मी फक्त म्हटलं, डबा परत पाठवा, आईचा आहे."

राहता राहिले बाळासाहेब. मी एका सकाळी, ते मटकी निवडत असताना, जरा चढ्या आवाजातच विचारलं. "मामा, दारात तुम्हीच बोललात ना, रिकामा देऊ नका म्हणून? तुमच्या त्या रीतींपायी पोरीचं नुकसान व्हायची वेळ आली आहे."

ते मटकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्या म्हनलो असंन, पाव्हणं. वय झालं. ध्यानात ऱ्हात न्हाई."

मला तेव्हा बरं वाटलं, हे सांगायला आज लाज वाटते.

बावीस तारखेला आम्ही चौघं लॅपटॉपपुढं बसलो. मी टाय लावला होता. मुद्देमाल बशीत ठेवला होता. पडद्यावर एका चौकटीत मिस्टर पेल्टन, चष्मा आणि हळू आवाज, आणि दुसरीत कोच व्हिटलॉक. बाईंचा चेहरा उतरला होता. त्यांचीही नोकरी पणाला लागली आहे, हे मला तेव्हा प्रथम जाणवलं.

पेल्टननी बाईंना विचारलं, टोपी नवी होती का? नाही, त्या म्हणाल्या. माझी स्वतःची होती. मी कॉलेजात हॅमर फेकायचे तेव्हाची. हॉटेलात माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, आणि डबा रिकामा पाठवायचा नव्हता.

"का पाठवायचा नव्हता?" पेल्टननी विचारलं. "या घरातल्या कुणी तुम्हाला तसं सुचवलं?"

बाईंना कुणाचं नाव घ्यायचं नव्हतं, हे उघड दिसत होतं.

तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची सरकली. बाळासाहेब उभे राहिले, शाळेत पाहुणे आल्यावर मास्तर राहतात तसे, हात बाजूला.

"सायेब, म्याच बोललो बाईस्नी. डबा रिकामा देऊ नगा म्हनून. चूक म्हाताऱ्याची हाय. पोरीला सजा देऊ नगा. लई कष्ट केल्यात हिनं."

मी मुक्ताला म्हटलं, सांग त्यांना इंग्रजीत. मुक्ता आजोबांकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग राग आला.

"आजोबा म्हणतात की त्यांनीच सांगितलं," ती पडद्याला इंग्रजीत म्हणाली. "पण ते खरं नाही. ते सांगणार कसे? त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नाही. त्या दिवशी त्यांचं प्रत्येक वाक्य मी सांगितलंय, आणि हे वाक्य त्यात नव्हतं."

पाच आठवडे नियमांचा माणूस घरात दोषी शोधत होता, आणि इतकी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती.

"नाही, ते गृहस्थ नव्हतेच," मिस्टर पेल्टन हळू आवाजात म्हणाले. "आमच्याकडे लेखी आहे." आणि त्यांनी पडद्यावर एक कागद लावला.

तो माझा ई-मेल होता. प्रश्न क्रमांक अकरा. पेल्टननी तो सावकाश वाचला. 'आमच्या संस्कृतीत खाऊ दिलेला डबा रिकामा परत करणं अशुभ आणि यजमानांचा अपमान समजतात. तथापि कोच महोदयांनी ही रूढी पाळू नये, अशी विनंती. असं केल्यास आम्ही अपमान मानणार नाही, याला आपल्या कार्यालयानं कृपया दुजोरा द्यावा.'

"मी प्रत वाचली होती," कोच व्हिटलॉक खाली बघत म्हणाल्या. "आमच्या कार्यालयाचा दुजोरा आलाच नाही. मला वाटलं, मग अपमान होईल."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, खाली सुभाष राहतो. टाय सैल केला. संध्यानं माझ्याकडे बघितलं नाही, ही तिची मेहरबानी. मी उभा राहिलो. काय बोललो ते नीट आठवत नाही. चूक माझी, मुलीची नाही, कोचची नाही, माझ्या सासऱ्यांची तर मुळीच नाही, असं काहीसं. चौदा प्रश्न लिहिणाऱ्या माणसाला चार वाक्यं जड गेली.

पेल्टननी चष्मा काढला. "सर, तुम्ही आधीच विचारलं होतं," ते म्हणाले. "उत्तर आम्ही दिलं नाही. हे मला नोंदवावं लागेल."

निकाल सत्तावीस तारखेला आला. अनवधानानं घडलेली किरकोळ बाब. टोपी कोचना परत करावी. मुक्ता पात्र. कार्यालय यापुढं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देईल, आणि त्या दृष्टीनं श्री. उपेंद्र यांनी एका वेळी तीनपेक्षा जास्त प्रश्न विचारू नयेत. तीस तारखेला बाईंचा फोन आला. मुक्तानं तो खोलीत घेतला, आणि मग बाहेर येऊन तिनं आधी आजोबांना उचललं. खरोखर उचललं. मग ती माझ्यापुढं आली.

"प्रश्न अकरावा," ती मराठीत म्हणाली, आणि मला मिठी मारली.

त्या दुपारी बाळासाहेब गॅलरीत लसूण सोलत बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो. माफी मागायची मला सवय नाही, नोकरीत तशी वेळ येत नाही.

"मामा, चुकलं माझं. तुम्ही सांगितलं नव्हतं, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं ना?"

"व्हतं की."

"मग स्वतःवर का घेतलं?"

त्यांनी एक पाकळी सोलून वाटीत टाकली. "घरातच कुनीतरी बोललं असंन म्हनलं. संध्या, न्हाईतर तुमी. पोरीच्या म्होरं आईबापानं खाली मान घालावी, ते बरं दिसतंय व्हय? म्हाताऱ्याला कोन काय म्हनतंय."

मी लसूण सोलायला घेतला. त्यांनी माझ्या हातातली पाकळी काढून घेतली आणि नखं कशी लावायची ते दाखवलं.

नोव्हेंबरात, दिवाळी झाल्यावर, मुक्तानं आमच्या जेवणाच्या टेबलावर कॉलेजच्या करारावर सही केली. डिसेंबरात बाळासाहेबांना एकदाचं विमान मिळालं. निघायच्या सकाळी संध्यानं त्यांच्या बॅगेत तो डबा भरला होता. त्यांनी बॅग उघडली, डबा काढला, चिवडा एका पिशवीत ओतला आणि डबा पंच्यानं पुसून मुक्ताच्या हातात दिला.

"आजीचा हाय. संगं घिऊन जा अमेरिकेला."

मुक्ता झाकणावरच्या नावावरून बोट फिरवत राहिली, जसं त्या लाल गोलावरून फिरवायची.

"पर एक सांगतो, पोरी. चार वर्सांनी मला परत आनून द्यायचा. रिकामा आनायचा न्हाई."

"नाही आणणार, आजोबा," ती म्हणाली. "पण तुम्ही घ्यायला थांबायचं. प्रॉमिस?"

ते अठ्ठ्याहत्तरचे आहेत. "थांबतो की," म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

माझा हात आपोआप खिशातल्या फोनकडे गेला होता. आजोबांनी खेळाडूला दिलेला डबा, तो परत करताना काय घालावं, कुणाला कळवावं, असे काही मुद्दे डोक्यात तयार झाले होते. तीनच होते. संध्या माझ्याकडे बघत होती. मी फोन तसाच खिशात राहू दिला आणि बॅगा खाली न्यायला लागलो.